पंधरा वर्षांनी भंगार, पन्नास वर्षांनी वारसा. मधल्या पस्तीस वर्षांचं काय?

आजची पोस्ट पाणीपुरवठ्यावर नाही, ऊसदरावर नाही आणि नगरपालिकेवर तर अजिबात नाही. जुन्या गाडीवर आहे. "पत्रकाराला आता हौस सुचायला लागली" असं म्हणून पुढं सरकू नका. तुमच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी असलेली एम-८० आणि चुलत्याची वस्तीवरची जीपसुद्धा यात येते.

माझ्याकडे १९८४ ची प्रीमियर पद्मिनी आहे. बार्शीत बऱ्याच जणांना ती "सरांची फियाट" म्हणून माहीत आहे. वडिलांनी १९९१ ला ती जुनीच घेतली होती. शिक्षकाच्या पगारात तेव्हा गाडी घेणं म्हणजे घरात किती दिवस भांडण झालं असेल ते विचारू नका. गिअर स्टिअरिंगच्या बाजूला, पुढं सलग बाकासारखी सीट, आणि थंडीत चोक ओढल्याशिवाय ऐकायचं नाही. वडील गेले, गाडी राहिली. आता वर्षाला हजार-बाराशे किलोमीटर चालते. भगवंताच्या देवळापर्यंत, कधी पंढरपूर, आणि महिन्यातून एकदा उगाच एक चक्कर, म्हणजे बॅटरी बसू नये.

दोन महिन्यांपूर्वी ती कुर्डुवाडी रोडला बंद पडली. अण्णा मिस्त्री आले. अण्णांचं वय सत्तरच्या पुढं, माझ्या वडिलांच्या वेळेपासून या गाडीला हात लावणारे तेवढेच उरलेत. त्यांनी एसी पंप खोलला. (एसी म्हणजे थंड हवा नव्हे. टाकीतलं पेट्रोल ओढून कार्ब्युरेटरला देणाऱ्या पंपाला मिस्त्री लोक एसी पंप म्हणतात.) आतला डायफ्राम, म्हणजे रबरी पडदा, फुगून फाटलेला.

अण्णा म्हणाले, "सरांच्या येळला हे एक रबर धा वर्सं जायचं. मागच्या साली मीच नवं घातलंय. आता बग कसं झालंय, पाण्यात भिजलेल्या पापडागत."

"आता कुठं मिळंल?"

"मिळंल की. फिर तू."

फिरलो. सोलापुरात दोन दुकानं पालथी घातली. एका दुकानदारानं पद्मिनी म्हटल्यावर "कोल्हापुरी साज का?" असं विचारलं नाही एवढंच. नंतर पुण्यात नाना पेठ. तिथल्या चकचकीत काउंटरवर काही उपयोग नसतो, हे आता मला अनुभवानं कळलंय. गल्लीच्या आतलं, मालक म्हातारा असलेलं आणि संगणक नसलेलं दुकान शोधायचं. असं एक सापडलं. त्या काकांनी न बघता सांगितलं, "दोन किट असतील." शिडीवर चढून माळ्यावरून खोकं काढलं. पाकिटावर छापलेली किंमत ३८ रुपये, मागितले ६५०. मी घासाघीस केली नाही. तीस वर्षं त्या माणसानं ते खोकं भंगारवाल्याला दिलं नाही, याचे ते पैसे.

घरी आणून बघतो तर एका किटमधलं रबर नुसतं ठेवून ठेवूनच कडक झालेलं. हात लावला तर तडा गेला. दुसऱ्यावर गाडी चालू आहे.

हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. जुनी गाडी सांभाळायची तर हे करावंच लागतं, आणि खरं सांगायचं तर त्यात मजाही असते. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी उन्हात बसून लोखंडाच्या ढिगातून दाराचं एक हँडल काढणं, कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवाल्याला जुना बुश देऊन "असाच पाहिजे" म्हणणं, कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यातून रिटायर झालेल्या एका फिटर काकांनी चहाच्या पैशांवर किंगपिनचं काम करून देणं. या सगळ्यात जी माणसं भेटतात ती एरवी भेटली नसती. माझी तक्रार पार्ट मिळत नाही ही नाही. पार्ट शोधून, करून घेऊन, गाडी धडधाकट ठेवणाऱ्याला सरकार शिक्षा करतंय, आणि मोडून टाकणाऱ्याला बक्षीस देतंय. माझी तक्रार ही आहे.

आता नीट हिशेब मांडतो. पत्रकारितेचा डिप्लोमा करताना आमचे एक सर म्हणायचे, राग आला की आधी आकडे लिहून काढ.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण. माझ्या गाडीचं २०१९ ला झालं तेव्हा मोटारीसाठी फी होती ६०० रुपये. १ एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली. मी २०२४ ला ५,००० भरले. ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा नियम बदलला, आणि वीस वर्षांपेक्षा जुन्या मोटारीला १०,००० रुपये झाले. म्हणजे २०२९ ला मला दहा हजार. पर्यावरण कर वेगळा. मुदत चुकली तर दर महिन्याचा दंड वेगळा. दहा वर्षांत ६०० चे १०,०००. दुधाचा नाही, कांद्याचा नाही, कुठल्याच गोष्टीचा भाव आपल्याकडे दहा वर्षांत सोळा पटीनं वाढलेला मी बघितला नाही.

दुचाकीचं बघा. ३०० चे १,००० झाले, आणि वीस वर्षांपुढच्या गाडीला २,०००. आपल्या तालुक्यात किती वस्त्यांवर दूध घालायला, वैरण आणायला जुनी एम-८० किंवा स्प्लेंडर चालते ते तुम्ही मोजा. बाजारात पाच-सहा हजाराला विकली जाईल अशी गाडी. तिला कागदावर जिवंत ठेवायला दोन हजार. परिणाम काय होणार? माणूस गाडी विकणार नाही, कागदच करणार नाही. मग एक दिवस अपघात होतो, विमा नसतो, नोंदणी संपलेली असते आणि आम्ही बातमी लावतो.

आणि या फीमध्ये गाडीच्या तब्येतीचा काही संबंध नाही, हे लक्षात घ्या. ब्रेक उत्तम, धूर प्रमाणात, चासी सडलेली नाही, तरी दहा हजार. शेजारची आठ वर्षांची गाडी काळा धूर ओकतेय, टायर गुळगुळीत, तिच्याकडे बघायचं नाही, तिचं वय लहान आहे. माणसाचं वय बघून आजारी ठरवायचं, नाडी बघायचीच नाही, असा हा डॉक्टर.

तुम्ही म्हणाल, अहो पण सरकारनं जुन्या गाड्यांसाठी विंटेजचा नियम केलाय की. केलाय. जुलै २०२१ चा. तो मी पूर्ण वाचला. पन्नास वर्षांपेक्षा जुनी दुचाकी किंवा चारचाकी, मूळ स्वरूपात ठेवलेली, चासी-बॉडी-इंजिनात मोठा बदल न केलेली, ती विंटेज. जुना नंबर ठेवता येतो, नवीन नोंदणीला व्हीए मालिकेचा नंबर. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी. रोजच्या वापराला चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची.

नियम वाईट नाही. ज्यांच्याकडे आजोबांची रोल्स रॉइस आहे त्यांची सोय झाली, आनंद आहे. पण माझी गाडी पन्नासची होणार २०३४ ला. आज ती वारसा नाही. मग आज ती काय आहे? पंधरा वर्षांची झाल्यापासून सरकारी नजरेत ती भंगाराच्या रांगेत उभी आहे आणि पन्नाशीला अचानक तिला हार घालणार. मधली पस्तीस वर्षं तिला कुणी जगवायची, कशी जगवायची, पार्ट कुठून आणायचे, याबद्दल एक ओळ नाही. अहो, पन्नास वर्षांची गाडी आभाळातून पडत नाही. ती आधी तीस वर्षांची असते, चाळीस वर्षांची असते. तेव्हाच मोडून टाकली तर पन्नाशीला हार कुणाच्या गळ्यात घालणार?

जुन्या गाड्यांची फिव्हा नावाची जागतिक संघटना आहे, तिच्या व्याख्येत तीस वर्षांची गाडी ऐतिहासिक वाहनात येते. जर्मनीत तीस वर्षांनंतर चांगल्या स्थितीतल्या गाडीला वेगळी एच नंबरप्लेट मिळते. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षं झाली आणि मोठे बदल केले नसतील तर रोड टॅक्स नाही, वार्षिक तपासणीची सक्तीही नाही. तपासणी माफ करा असं मी म्हणत नाही, उलट आपल्याकडे ती हवीच. पण त्या देशांना प्रदूषण कळत नाही आणि फक्त आपल्याला कळतं, असं तर नसेल ना?

आता पद्मिनीबद्दल थोडं. कारण "एवढं काय त्या डबड्यात" हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो.

ही गाडी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ ला काढली वालचंद हिराचंद यांनी. सोलापूरचा माणूस. आपल्या जिल्ह्याचा. जहाजं, विमान कारखाना, साखर कारखाना आणि मोटार, सगळ्यात त्यांनी उडी घेतली, तीही इंग्रज सरकार असताना. मुंबईला कुर्ल्यात कारखाना झाला. आधी अमेरिकेच्या क्रायसलरच्या गाड्या जोडल्या, नंतर इटलीच्या फियाटशी करार. १९६४ ला फियाट ११०० डिलाइट आली, पुढं तीच १९७४ पासून पद्मिनी. इंजिन १०८९ सीसी, चाळीसेक अश्वशक्ती. आजची छोट्यातली छोटी गाडी तिला मागं टाकेल. पण ती उत्पादनात होती तेव्हा नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची. लग्नात नवरीची पाठवणी हिच्यातून, बाळंतिणीला दवाखान्यात नेणं हिच्यातून, आणि मुंबईला गेलेल्या आपल्या माणसाची पहिली टॅक्सी हीच. महाराजांच्या गाड्या जर वारसा असतील तर मास्तरांची, डॉक्टरांची, टॅक्सीवाल्याची गाडी का नाही?

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस बंद झाली. तिची नोंदणी २००३ ची होती आणि मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. त्या दिवशी सगळ्या महाराष्ट्रानं डोळ्याला रुमाल लावला. स्टेटस, फोटो, गाणी. मीही लावला होता. पण त्या गर्दीत एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. पद्मिनीचे पार्ट आजवर मिळत होते ते आमच्यासारख्या हौशी लोकांमुळे नाही, टॅक्सीवाल्यांमुळे. हजारो टॅक्सी रोज रस्त्यावर, रोज कुणाचा तरी क्लच जाणार, कुणाचा वॉटर पंप, कुणाच्या ब्रेकच्या वॉशर. म्हणून छोटे कारखानदार ते पार्ट काढत राहिले, कंपनीनं पद्मिनी बंद केल्यावरसुद्धा. टॅक्सी जसजशा कमी झाल्या तसतसे ते साचे बाजूला पडले. आम्ही हौशी लोक सगळ्या महाराष्ट्रात मिळून किती? आमच्यासाठी कोण साचा लावणार? आणि मोडीत गेलेल्या त्या टॅक्सींबरोबर किती चांगले गिअरबॉक्स, क्राउन-पिनियन, दारं, काचा दाबून गोळा झाल्या असतील, त्याचा विचार केला तर अण्णांच्या भाषेत "पोटात कालवतं".

आता पेट्रोल. इथं मला सांभाळून लिहिलं पाहिजे, कारण आपल्या जिल्ह्यात घरटी ऊस आहे आणि इथेनॉलविरुद्ध बोललो तर चुलतेच घरात घेणार नाहीत. मी इथेनॉलविरुद्ध नाही. कारखान्याला पैसा मिळतो, तो पुढं आपल्याला मिळतो (मिळाला तर). पण वीस टक्के इथेनॉलचं मिश्रण आधी २०३० ला व्हायचं होतं, ते २०२५ वर ओढलं. पंपावर साध्या पेट्रोलचा दुसरा नळ ठेवला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयानं खुलासा केला, त्यात त्यांचंच म्हणणं असं की काही जुन्या वाहनांत वीस ते तीस हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, पण ते स्वस्त असतं आणि नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होऊन जातं.

स्वस्त असतं! साहेब, कुठल्या सर्व्हिसिंगमध्ये? जी कंपनी आता मोटारीच काढत नाही तिच्या? ज्यांचे साचे मोडीत गेले त्यांच्या? मला ते ३८ रुपयांचं रबर शोधायला दोन दिवस, सोलापूर-पुणे भाडं आणि ६५० रुपये गेले, आणि त्यातलंही अर्धं फुटकं निघालं. शिवाय ते रबर जुन्या पेट्रोलसाठी बनवलेलं. नव्या मिश्रणात ते किती टिकेल हे अण्णांनाही सांगता येत नाही.

केंद्राच्या ग्राहक विभागानं २०२२ ला "दुरुस्तीचा हक्क" म्हणून समिती नेमली, पोर्टल काढलं. मोबाइल, घरातली उपकरणं, शेतीची अवजारं आणि वाहनंसुद्धा त्यात आहेत. म्हणजे एक खातं म्हणतं वस्तू फेकू नका, दुरुस्त करा. दुसरं खातं म्हणतं दुरुस्त केली तर दहा हजार भरा, फेकली तर नव्या गाडीच्या करात सवलत घ्या. दोघांची एकमेकांशी कधी चहावर गाठ पडते की नाही?

कार्यालयातला माझा स्वतःचा एक अनुभव सांगतो, कार्यालयाचं नाव लिहीत नाही. जुन्या रजिस्टरवरून संगणकात नोंदी चढवताना माझ्या गाडीच्या इंजिन नंबरातला एक आकडा चुकला. ३ चा ८ झाला. पुस्तकात बरोबर, इंजिनावर बरोबर, फक्त संगणकात चूक. ती दुरुस्त करायला तीन हेलपाटे. तिसऱ्या वेळी तिथल्या भल्या माणसानं मला आपुलकीनं सल्ला दिला, "सर, कशाला त्रास घेता? स्क्रॅप करून टाका ना." त्यानं ते वाईट हेतूनं सांगितलं नाही. सगळी व्यवस्थाच आता त्या दिशेला उताराची आहे. गाडी जिवंत ठेवायची तर चढ, मोडायची तर उतार.

आता दुसरी बाजू. माझी गाडी नव्या गाडीपेक्षा किलोमीटरमागं जास्त धूर सोडते का? सोडते. तिच्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, एअरबॅग नाही, पुढं-मागं ड्रम ब्रेक. मी तिच्यात मुलांना घेऊन रात्री हायवेला जात नाही. पण ती वर्षाला बाराशे किलोमीटर चालते. दिवसरात्र वाळू आणि खडी वाहणारा, नंबर पुसलेला, पासिंग संपलेला डंपर मोडीत काढा, मी स्वतः बातमी लावीन, फोटोसह. ज्या गाडीवर धंदा चालतो आणि जी रोज दोनशे किलोमीटर पळते तिला वयाची अट लावा, हरकत नाही. पण वर्षातले तीनशे दिवस झाकून ठेवलेल्या गाडीला आणि त्या डंपरला एकाच तराजूत टाकू नका. दिल्लीत हेच झालं. डिझेल दहा, पेट्रोल पंधरा, संपलं. गाडीची अवस्था बघायची नाही. जुलै २०२५ मध्ये तर पंपावर पेट्रोलच द्यायचं नाही असा हुकूम लागू केला आणि काही दिवसांतच लोकांच्या रेट्यानं थांबवावा लागला. दिल्लीचं ते आपल्याकडं यायला फार वेळ लागत नाही.

"हौसेला मोल नसतं, परवडत नसेल तर कशाला ठेवता?" असंही काही जण ऐकवतात. मोल मी देतोच आहे. पण अण्णांचं काय? नाना पेठेतल्या त्या काकांचं काय? अण्णा कार्ब्युरेटरचा आवाज ऐकून सांगतात की हवा जास्त आहे की पेट्रोल. पॉइंटमधलं अंतर ते जुन्या ब्लेडनं लावतात आणि ते बरोबर येतं. त्यांचा मुलगा बाहेरगावी कंपनीच्या शोरूममध्ये आहे, तो लॅपटॉप लावतो आणि लाल दिसेल तो भाग बदलतो. त्याचा दोष नाही, त्याला तेच शिकवलंय. पण अण्णांच्या हातातलं काम शिकायला कुणी येत नाही, कारण ज्या गाड्यांवर ते शिकायचं त्या गाड्याच तुम्ही संपवताय.

आपल्या गावाला हे नवीन नाही. कॅल्थ्रॉपची बार्शी लाइट १८९७ ला सुरू झाली, छोट्या रुळाच्या रेल्वेत जगात नाव. ब्रॉडगेज झाली ते बरंच झालं, त्याला विरोध नाही. पण तिच्यातलं गावात काय राहिलं ते मुलांना दाखवायला घेऊन जा बरं. मी माझ्या मुलीला घेऊन गेलो होतो. तिला फोनवरचे फोटो दाखवावे लागले.

येत्या सोमवारी आम्ही काही जण खासदारांना आणि परिवहन खात्याला निवेदन देणार आहोत. त्यात लिहिलंय की तीस वर्षांपुढच्या, वर्षाला ठरावीक किलोमीटरच चालणाऱ्या खासगी गाड्यांचा वेगळा गट करा. त्यांची तपासणी हवी तेवढी कडक घ्या, पण फी तपासणीच्या खर्चाएवढी ठेवा, वयाच्या दंडाएवढी नको. जुनं मॉडेल मोडायला आलं तर दाबायच्या आधी महिनाभर त्याची यादी लावा, म्हणजे ज्याला जो पार्ट लागतो तो पैसे देऊन नेईल. भंगारवाल्यालाही दोन पैसे जास्तच मिळतील. आणि जिल्ह्यात किमान एका पंपावर इथेनॉल नसलेलं पेट्रोल ठेवा, महाग विकलं तरी चालेल. सह्यांसाठी कागद अण्णांच्या गॅरेजवर ठेवलाय. एम-८०वाले, लूनावाले, राजदूतवाले, जीपवाले सगळ्यांनी या.

आणि ज्यांच्या माळ्यावर, गोठ्यात, जुन्या वाड्यात पद्मिनीचं काहीही पडलं असेल, एखादं दार, हबकॅप, काचेचं रबर, किंवा दिवाळीत आवराआवरीत भंगारात टाकायला काढलेलं एखादं खोकं, तर थांबा. फोटो काढून खाली टाका. मला पुढच्या डाव्या चाकाचा ब्रेक सिलिंडर हवा आहे, आणि माढ्याच्या एका मित्राला मागचा लाल दिवा, उजवा.